ओरिनच्या डायमधली रेघ

मित्रांनो, मी एक जुनी डाय आहे. अंगठ्याएवढी उंच, पोलादी आणि आतून आरपार पोकळ. मला फारसं कुणी ओळखत नाही, कारण मी कायम एका हाताने दाबायच्या प्रेसयंत्राच्या पोटात बसलेली असते आणि बघणाऱ्यांचं लक्ष प्रेसच्या लांब दांड्याकडे जातं. घरी ओतलेली बंदुकीची शिशाची गोळी साच्यातून निघते तेव्हा जराशी जाड, जराशी बेडौल असते. दांडा ओढला की ती माझ्यातून जाते आणि नेमक्या मापाची होते. माझ्या अंगाला चहूबाजूंनी बारीक भोकं आहेत. त्यांतून मेणाचं वंगण येतं आणि गोळीच्या खाचांत भरतं. माझं काम एवढंच.

मला ओरिन त्वेतने घडवलं. तो अमेरिकेतल्या मोंटानात, रेल्वेच्या कारखान्यात लेथ चालवायचा. वडिलांची जुनी रायफल त्याच्याकडे आली होती आणि तिची नळी इतर रायफलींपेक्षा केसभर रुंद होती. दुकानातल्या डायमधून काढलेली गोळी तिच्यात सैल बसायची आणि भलतीकडेच जायची. म्हणून त्याने मला स्वतः कातलं, भोकं पाडली आणि मग कितीतरी रविवार आतून घासत बसला. त्याची बहीण व्हर्ना दारात उभी राहून हसायची.

"ओरिन, बायकोची अंगठी तरी एवढी घासली होतीस का रे?"

"अंगठी दुकानातली होती," ओरिन म्हणायचा. "म्हणून तर ती सैल झाली."

माझी उमेदीची वर्षं फार छान गेली. माझ्यातून निघालेली गोळी ओरिन खिडकीशी धरायचा, फिरवून बघायचा आणि काही न बोलता पुढची घ्यायचा. ती त्याची शाबासकी. त्याच्या नेमबाजी क्लबातले लोक गोळ्या मागायला यायचे. तो त्यांना म्हणे, "जेवायला या, भांडायला या, गोळ्या मागू नका." त्याची मुलगी मारेन दूर सिएटलला शिक्षिका झाली. ती सुट्टीत आली की बापलेक नेमबाजीला जायची. नेम तिचा चांगला होता, पण प्रेसला ओरिन कुणाचाही हात लागू देत नसे.

मग तो आजारी पडला. प्रेसवर जुना टॉवेल पडला. वंगण माझ्या भोकांत थिजलं. नदीवरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात ओरिन गेला.

त्यांच्या क्लबात एक रीत आहे. नेमबाज गेला की रांगेतली त्याची जागा मोकळी ठेवतात. शरदातल्या स्पर्धेच्या दिवशी त्याच्या घरचं माणूस त्या जागी उभं राहतं आणि त्याच्याच रायफलीतून, त्यानेच ओतलेली एक गोळी झाडतं. समोर दूर उतारावर निशाण म्हणून लोखंडी मेंढा असतो. गोळी एकच. ओरिनने शेवटी ओतलेल्या गोळ्या कॉफीच्या डब्यात होत्या, पण मापाला आणायच्या राहिल्या होत्या. ते काम माझ्याशिवाय होणार नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या सकाळी मारेन गॅरेजमध्ये आली. बाहेर दहिवर गोठलं होतं. तिने टॉवेल काढला, वंगणाचा स्क्रू पिळला, गोळी ठेवली आणि दांडा ओढला. थंडीने वंगण दगड झालं होतं. गोळी कोरडीच माझ्यात शिरली आणि अडकली. मारेनने दांड्यावर सगळा भार टाकला. गोळी जास्तच रुतली. मग मारेनने मला प्रेसमधून काढलं आणि स्क्रूड्रायव्हर व हातोडा घेतला.

मित्रांनो, पोलादाला भीती कशाची वाटते, तर पोलादाचीच. चार घावांत गोळी बाहेर पडली. पण मला परत बसवून तिने जेमतेम काढलेल्या प्रत्येक गोळीवर वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटू लागली. मारेन उपड्या बादलीवर बसून राहिली.

थोड्या वेळाने व्हर्ना कॉफी घेऊन आली.

"आत्या, मी फोडली."

"काय फोडलंस?"

"बाबाची डाय. अशी दुसरी जगात नाही गं."

व्हर्नाने गोळी चष्म्याजवळ नेली. "रेघ आहे खरी. हातोडा मारायचं कुणी सुचवलं? शाळेत पोरांना हेच शिकवतेस?"

"आता ओरडू नकोस ना."

"ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे. तो पॉलिश पेपर दे इकडे. आतून घासून टाकू, जाईल रेघ."

रेघ गेली असती, पण तिच्याबरोबर माझं मापही गेलं असतं. केसभराच्या फरकासाठी माझा जन्म, आणि मी केसभरानेच निकामी झाले असते.

मारेनने लाकडी काडीला पॉलिश पेपर गुंडाळला. दुसऱ्या हातात गोळी होती, तिच्यावरून मारेनचं नख सहज फिरलं आणि मारेन थांबली.

"आत्या, ही रेघ खोल आहे. नख अडकतंय."

"मग?"

"डायला ओरखडा पडला असता तर त्यात शिसं भरलं असतं. गोळीवर रेघ उठून आली असती. ही खोल गेलीये. म्हणजे आत काहीतरी चिकटलंय, ते खरवडतंय."

व्हर्नाने काडीवरचा पॉलिश पेपर काढून घेतला. मग म्हणाली, "अगदी ओरिन बोलला. फक्त तो नाकातून बोलायचा."

स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या तारेच्या घासणीचे धागे काडीला गुंडाळून मारेनने ते माझ्यात हळूहळू फिरवले. शिशाची एक पातळ करडी साल सुटून आली. तिने मला उजेडात धरलं. भिंत गुळगुळीत होती. हातोड्याचे घाव त्या मऊ शिशाने सोसले होते, मी नाही.

"पण वंगण येत नाहीये," ती म्हणाली.

"या थंडीत कसं येईल? ओरिन प्रेसखाली इस्त्री तापवून ठेवायचा. माझी इस्त्री! मागून नेली ती नेलीच."

इस्त्री बाकाखालीच सापडली. वंगण सैल झालं तसा मेणाचा आणि चरबीचा वास गॅरेजभर पसरला. मग मारेनने पहिल्या गोळीला बोटाने वंगण फासलं आणि अगदी सावकाश दांडा ओढला. गोळी चकचकीत निघाली. तिने जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला.

"तेच माप आहे, आत्या. जराही हललेलं नाही."

"मग रडतेस काय?"

"मी कुठे रडतेय?"

"बरं, मीच रडतेय. कॉफी पी."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी स्पर्धेहून भांडतच परत आल्या.

"किती वेळ लागला तो आवाज यायला! मी म्हटलं, गेली गोळी डोंगरात."

"तू डोळे मिटले होतेस, आत्या."

"म्हणून तर मेंढ्यावर ठण् झालेलं नीट ऐकू आलं!"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी अडलेली वस्तू असेल. ती मोडलीच असं ठरवून हातोडा उचलू नका, आणि घाईने घासूनही टाकू नका. आधी तिला उजेडात धरा. नेमकं काय खुपतंय ते बोटांनी चाचपून बघा. कधी कधी वरची साल तेवढी काढायची असते.

संध्याकाळी मारेनने डब्यातल्या उरलेल्या सगळ्या गोळ्या मापाला आणल्या. व्हर्नाने विचारलं, "या संपल्या की?"

"मग शिसं वितळवायचं. शिकवशील?"

"मला कुठे येतं? दोघी मिळून हात भाजून घेऊ."

मारेनने माझ्या आतून तेलाचा बोळा फिरवला आणि मला पुन्हा प्रेसमध्ये बसवलं. आता मी तिच्या पहिल्या बेडौल गोळीची वाट बघते आहे.