पाठवहीतला तेविसावा

"पेन आधी आत ठेवा," कुलूपबाई म्हणाल्या. "इथे फक्त पेन्सिल."

इतिहासाच्या प्राध्यापिकेने मुकाट्याने पेन पर्समध्ये टाकलं. मग पर्सही कपाटात ठेवावी लागली. मग चिठ्ठी भरायची: मागणाऱ्याचं नाव, कोणती वही, कारण काय. तिने कारण लिहिलं, 'विद्यापीठाचा इतिहास'. कुलूपबाईंनी चिठ्ठी उजेडात धरून दोनदा वाचली. एवढ्या साध्या कारणासाठी कुणी चार जिने उतरून तळघरात येईल, हे त्यांना पटत नव्हतं.

दप्तरखान्यात त्यांना तीस वर्षं होऊन गेली होती आणि त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. संशय त्यांच्या हाडीमाशी मुरला होता, पण तो काही उगाच नाही. संस्थेला पन्नास वर्षं झाली तेव्हा एका समितीने जुन्या फोटोंचा अल्बम 'दोनच दिवसांसाठी' नेला. समिती बरखास्त झाली, अल्बमचा पत्ता नाही. तेव्हापासून वही देताना पानं मोजायची आणि परत घेताना पुन्हा मोजायची, हा त्यांचा शिरस्ता झाला. अंगठा पानांच्या कोपऱ्यावरून सरकायचा, ओठ हलायचे आणि नजर मात्र समोरच्याच्या हातांवर. शेकडो वह्यांचे आकडे त्यांना तोंडपाठ होते, मजकूर एकीचाही नाही.

"पहिल्या वर्षाची पाठवही. एकशे चौऱ्याऐंशी पानं. परत देताना तेवढीच हवीत."

"मी पानं खात नाही हो, बाई," प्राध्यापिका हसली.

"सगळे असंच म्हणतात."

आज एकतीस विभाग आणि सात इमारती असलेलं हे विद्यापीठ पंच्याहत्तर वर्षांपूर्वी दोन खोल्यांत सुरू झालं. तेव्हा ती शिक्षक घडवणारी शाळा होती. बावीस छात्राध्यापक शेजारच्या वस्तीतली मुलं गोळा करून त्यांच्यावर शिकवण्याचा सराव करायचे, आणि मागच्या बाकावर बसून मुख्याध्यापक प्रत्येक पाठाचा शेरा वहीत लिहायचे. हीच ती पाठवही. पुढे शाळेचं कॉलेज झालं आणि कॉलेजचं विद्यापीठ.

त्या दोन खोल्यांची घंटा वाजवायला एक पोरसवदा माणूस होता. तो कुलूपबाईंचा बाप.

"पहिल्या तुकडीत मीही शिकलोय," बाबा चारचौघांत छातीठोकपणे सांगायचे. लोक त्यांना चिडवायला 'मास्तर' म्हणायचे आणि त्यांच्या मुलीला 'मास्तरांची लेक'. शरमेने तिला तोंड लपवावंसं वाटायचं. दप्तरखान्यात नोकरी लागली त्याच आठवड्यात तिने पहिल्या तुकडीचं रजिस्टर उघडलं. बावीस नावं होती. बाबा नव्हते.

"रजिस्टरात नाही गं सापडणार," बाबा म्हणाले होते. "पाठवही बघ."

तिने बघितली नाही. बाप एकदा खोटा ठरला होता, दुसऱ्यांदा ठरवायची हिंमत नव्हती. अकरा वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या खाटेवरून त्यांनी शेवटचं विचारलं, "बघितलीस का?" तेव्हा ती म्हणाली, "वाळवी लागली, बाबा. काही उरलं नाही." ते "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

"बाई," प्राध्यापिकेने पानावरून बोट न काढता विचारलं, "हा घंटावाला कोण होता?"

कुलूपबाईंचा संशय जागा झाला. चोरीबिरी निघाली की काय? छापून येणार की काय? ही बया एवढ्यासाठीच आली असणार.

"मला नाही माहीत," त्या म्हणाल्या. "का?"

"गंमत आहे. ऐका." प्राध्यापिका वाचू लागली. "'तापाची साथ. मुले चारच आली. वर्ग भरावा म्हणून घंटावाल्यास विद्यार्थी म्हणून बसविले. पाठ: सावली. घंटावाल्याने विचारले, सावली मोजून घड्याळाशिवाय घंटा देता येईल काय? छात्राध्यापकास उत्तर आले नाही.'" तिने पानं उलटली. "आणि मग तो रोजच दिसतो. 'घंटावाला आजही बसला.' 'घंटावाल्याने अपूर्णांकाचे उदाहरण फळ्यावर सोडविले.' आणि हा वर्षअखेरचा शेरा: 'तुकडी बावीसची. घंटावाला धरून तेवीस. त्यास परीक्षेस बसविले नाही. बसविले असते तर उत्तीर्ण झाला असता.'"

 इतकी वर्षं कुलूपबाईंचा अंगठा याच पानाच्या कोपऱ्यावरून सरकत आला होता.

"याचं नाव मिळालं तर इतिहासात घालता येईल," प्राध्यापिका म्हणाली. "पण घंटावाल्याचं नाव आता कोण सांगणार?"

"मी सांगते." कुलूपबाई पुढे सरकल्या. "मघाशी खोटं बोलले. माझे वडील ते."

त्यांनी नाव सांगितलं. प्राध्यापिकेने ते पेन्सिलीने लिहून घेतलं, मग वही मिटून दोन्ही हातांनी पुढे केली आणि मोजणी व्हायची वाट पाहत थांबली. कुलूपबाईंनी वही नुसतीच घेतली.

"मोजायची नाहीत?"

"असू दे. या तुम्ही."

पावलं जिन्यावरून वर गेली तशा त्या रडल्या, तोंडावर पदर दाबून, कारण वरच्या मजल्यावर ऐकू जाईल अशी शंका तेव्हाही होतीच. मग डोळे पुसून त्यांनी खणातून एक कोरी चिठ्ठी काढली. मागणाऱ्याच्या नावापुढे लिहिलं, 'घंटावाल्याची मुलगी'. वही: पाठवही, पहिले वर्ष. कारणापाशी पेन्सिल बराच वेळ अडली. शेवटी लिहिलं, 'बाबांनी सांगितले होते'.

चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या टेबलावर ठेवली, आपली पर्स कपाटात ठेवली, आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून पहिलं पान उघडलं.