मतदानाआधीचा केक

शाळा मंडळाच्या सभेत बोलायला माणशी तीन मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात ऍशबी गावातले लोक काय काय बरळू शकतात ते ऐकून वर्ना स्टकी वैतागली होती.

विषय होता जिल्ह्यातल्या शाळांचा नवा सुपरिंटेंडेंट, म्हणजे सगळ्या शाळांचा वरचा साहेब. मंडळाने टेक्सासच्या डॉ. लँगलीचं नाव पुढे केलं होतं. आधी लोकांचं ऐकायचं, मग मतदान, असा नियम. हा लँगली जिथे जिथे गेला, तिथल्या लहान शाळांना कुलूप लावून आला होता. आणि वर्ना शिकवायची ती कॉटनवुडची शाळा जिल्ह्यात सगळ्यांत लहान. ती बंद झाली की शेतांवरची चिमुरडी पोरं पहाटेच्या अंधारात बसमध्ये चढणार आणि हिंदकळत गावापर्यंत येणार. वर्नाला एवढंच अडवायचं होतं.

पण माइकपाशी येणारा जो तो आपलंच दळण दळत होता.

"टेक्सासचा माणूस आपल्याला फुटबॉल शिकवणार? आम्ही काय इतकी वर्षं गोट्या खेळत होतो?"

"त्याचे बूट बघितलेत का? मगरीच्या कातड्याचे! शाळा चालवायला येतोय की सर्कस?"

सगळे खो खो हसले. मग मैदानावर खोटं गवत घालावं की नाही यावरून दोन बाप्ये हमरीतुमरीवर आले.

डोरीन उठली तेव्हा वर्नाला जरा धीर आला. डोरीनची दोन्ही मुलं कॉटनवुडला. आदल्याच दिवशी वर्नाच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत ती म्हणाली होती, "बसचं मी बोलते, शाळेचं तू बोल." तिने माइक ओढला आणि सगळी मिनिटं खोट्या गवतावर उधळली.

"अगं, बसचं काय झालं?" ती परत आल्यावर वर्नाने दबक्या आवाजात विचारलं.

"ओघात राहूनच गेलं गं. पण टाळ्या ऐकल्यास ना?"

तेवढ्यात वर्नाचं नाव पुकारलं. कॉफीच्या टेबलाला वळसा घालून ती माइककडे निघाली. टेबलावर एक मोठा खोका होता, त्यावर कागदी रुमालांची चळत ठेवलेली. तिच्या कोटाची बाही लागली आणि रुमाल घसरले. पारदर्शक झाकणाखाली निळ्या क्रीममध्ये लिहिलं होतं, 'स्वागत, डॉ. लँगली!'

नाव घातलेला केक आधी सांगून ठेवावा लागतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

वर्नाने मंडळाच्या अध्यक्षाकडे बघितलं. क्लेटन हॉब्स. दुसरीत तिच्याच हाताखाली होता. तेव्हाही खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे.

"क्लेटन, मतदान झालं का रे?"

"अजून नाही, बाई. आधी तुम्हा सगळ्यांचं ऐकायचं ना." कान लालभडक.

वर्नाने खोका उचलून सगळ्यांना दाखवला.  मागून आवाज आला, "आत चॉकलेट आहे का?" आणि पुन्हा हशा.

तिला किळस आली. मंडळाची यायची तेवढी आलीच, पण या हसणाऱ्यांची जास्त आली. तरी ती बसबद्दल बोलली, अंधाराबद्दल बोलली, वेळ संपल्याची घंटा वाजेपर्यंत बोलली. लोक खोक्याकडे बघत होते.

मंडळाचे सगळे हात वर गेले. लगेच शेजारच्या खोलीतून लँगली हजर, बूट चकाकत. बुटांवर तोंडसुख घेणाराच पहिला हात मिळवायला धावला. केकपुढे रांग लागली.

"कडेचा तुकडा घे, क्रीम जास्त आहे," डोरीन भरल्या तोंडाने म्हणाली. तिचे ओठ निळे झाले होते. वर्नाने मान फिरवली.

क्लेटन स्वतः तिच्यासाठी बशी घेऊन आला. "बाई, मनाला लावून घेऊ नका. कॉटनवुडचं अजून काहीच ठरलेलं नाही. त्यासाठी पुढच्या महिन्यात वेगळी सभा घेतोय. सगळ्यांचं ऐकून मगच काय ते ठरवू."

वर्नाने बशीला हात लावला नाही.

"त्या सभेचा केक सांगून ठेवलास का रे?"

क्लेटनने बशी मागे घेतली. त्याचे कान लाल झाले होते.