ताटाची डावी बाजू

अनुराधा वझे पुण्याची, म्हणजे सायकल आलीच. पण पन्नाशी उलटल्यावर, गुडघे कुरकुरायला लागल्यावर, इंग्लंडात पुन्हा सायकलवर बसशील असं कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. नवऱ्यानेच टुमणं लावलं, करता काय! मागच्या उन्हाळ्यात श्रीनिवासरावांनी एकाएकी जाहीर केलं, आता दर रविवारी सायकल. तीही साध्या रस्त्यावर नाही. डर्बीशरच्या डोंगरांतून पूर्वी एक रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उखडले, आणि कौन्सिलने तिथं चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी वाट केली. मोटार नाही, लॉरी नाही. दोन्ही अंगांना डोंगर केवढाले, पण वाट रेल्वेची, त्यामुळे चढ कळेल न कळेल इतकाच. हृदयाला चांगलं असतं, श्रीनिवासराव म्हणाले. हृदयाला म्हणे! अनुराधा काय दूधखुळी होती? त्याच उन्हाळ्यात त्यांनी गाडीची किल्लीही तिच्या हातात दिली होती, मान अवघडते असं सांगून.

खरं काय ते तिला आधीच कळलं होतं, आणि कळलं होतं ताटावरून. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला तिने साग्रसंगीत ताट वाढलं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी. श्रीनिवासराव पोटभर जेवले, श्रीखंडाची तारीफ केली, आणि हात धुताना म्हणाले, आज चटणी-कोशिंबिरीला फाटा दिलास वाटतं. तिने ताटाकडे पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होत्या, बोटसुद्धा न लागलेल्या.

श्रीनिवासरावांचे वडील सांगलीला काचबिंदूने आंधळे झाले होते. या दुखण्यात आधी कडा जातात. मधलं शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणूस स्वतःची समजूत घालत बसतो. हे तिला डॉक्टरची बायको म्हणून नव्हे, त्या म्हाताऱ्याची सून म्हणून माहीत होतं. सासऱ्यांचा हात धरून तिनेच त्यांना ओसरीवर नेऊन बसवलं होतं.

मग बोलली का? छे. दुसऱ्या दिवसापासून ती डावीकडचं सगळं उजवीकडे वाढायला लागली. श्रीनिवासरावांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि मूठही थोडीथोडकी नव्हती हो. कन्सल्टंट सर्जन व्हायला त्या माणसाची उमर गेली होती. हाताखाली शिकलेली गोरी पोरं पुढे निघून गेली, हे आपले मुलाखती देत राहिले. शेवटी एका लहान गावातल्या हॉस्पिटलात दारावर पाटी लागली, ‘मिस्टर वझे’. या देशात सर्जनला डॉक्टर नाही, मिस्टर म्हणतात. सांगलीच्या आत्याबाईंना वाटलं, पोराची डिग्री काढून घेतली की काय. त्या पाटीला धक्का लागेल असा शब्द अनुराधाच्या तोंडून कसा निघणार?

यंदा मे महिन्यात श्रीनिवासरावांनी मिसेस हॅलम नावाच्या एका बाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं आणि त्याच रात्री रक्तस्राव होऊन ती गेली. चौकशी झाली. कुणाचा दोष निघाला नाही. असं कधीकधी होतं, म्हणाले. श्रीनिवासराव कित्येक दिवस नीट जेवले नाहीत. अनुराधा चटणी उजवीकडे वाढत राहिली.

गणपतीला त्यांचा रजिस्ट्रार, शिकाऊ सर्जन अतुल, जेवायला आला. ऑपरेशनला तोच त्यांच्या हाताखाली उभा असायचा. नैवेद्याचं ताट डावं-उजवं शास्त्राप्रमाणे, अतुलचं ताट शास्त्राप्रमाणे, आणि सरांचं तेवढं उलटं. पोराच्या नजरेतून ते सुटलं नाही. सर आत सोवळं सोडायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं, “वहिनी, सरांचं ताट असं का?”

तो तिच्याकडे रोखून पाहत होता. त्याला उत्तर आधीच माहीत आहे, हे तिला उमगलं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“आमच्या घरची पद्धत आहे तशी,” ती म्हणाली, आणि त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला.

त्यानंतरचा हा ऑक्टोबरातला रविवार. आभाळ भरून आलेलं, कुरणांतल्या दगडी भिंती ओल्या, मेंढ्या माना खाली घालून उभ्या. एरवी अनुराधा त्यांच्या डाव्या अंगाला, जराशी मागे राहायची. तिचा पहाराच होता तो. त्या दिवशी तिच्या सायकलची चेन पडली. ती बसवेपर्यंत हे पुढे गेले. शेताकडून येणारी एक पायवाट डावीकडून मोठ्या वाटेला मिळत होती, तिथं फाटकापाशी एक लहान मुलगी आपली छोटी सायकल धरून उभी होती. उभी होती, चालत नव्हती. श्रीनिवासराव जरा डावीकडे सरकले आणि सरळ तिच्यावर गेले. “अहो, डावीकडे बघा!” अनुराधा ओरडली खरी, पण तोवर पोर खाली पडली होती.

मनगट मोडलं होतं. आणि मग श्रीनिवासरावांचे हात पाहावेत! नकाशाची घडी, गळ्यातला मफलर, त्या हुंदके देणाऱ्या पोरीशी मऊ बोलणं. हाताला असा सुरेख आधार बांधला, की पाहणाऱ्याला वाटावं या माणसाला देवाने याचसाठी जन्माला घातलंय. मागून धावत आलेल्या आईने ते पाहिलं आणि ती “सॉरी, सो सॉरी” करत राहिली. पोरगी रडत रडत म्हणाली, मी तर उभीच होते. आईने तिला गप्प केलं आणि पुन्हा आभार मानले. श्रीनिवासरावांनी मोठ्या मनाने मान डोलावली.

मायलेकी गेल्यावर ते म्हणाले, पाहिलंस ना, आईने स्वतः माफी मागितली. पोरगीच मधे आली. चल लवकर, उद्या ऑपरेशन थिएटरमध्ये मोठी लिस्ट आहे.

अनुराधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं काढली या देशात, आणि एवढं कळू नये? इथं माणूस खांबावर आदळला तर खांबालाही सॉरी म्हणतो. यांना ते ठाऊक होतं. ठाऊक असून आज ते सॉरी त्यांनी पदरात बांधून घेतलं होतं.

ती सायकलवर बसली, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या डावीकडे, अगदी बरोबरीला आली. हात लांब केला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. घंटी वाजवली नाही. वारा एवढा होता की चाकांचा आवाजही येत नव्हता. बराच वेळ दोघं तशीच जात राहिली. मग श्रीनिवासरावांनी मान उजवीकडून मागे वळवली आणि मोकळ्या वाटेला हाक मारली.

“अनू, फार मागे राहिलीस का गं?”

तिला रडू फुटलं. “इथंच आहे मी,” ती म्हणाली. “तुमच्या शेजारी.”

त्यांनी ब्रेक दाबले. मान पुरती डावीकडे फिरवली तेव्हा कुठे ती त्यांना दिसली. डोळे पुसत होती. दोघंही खाली उतरली. श्रीनिवासराव चिडले नाहीत, हेच तिला फार जड गेलं. ते बांधावर टेकले, ओल्या गवतावर, आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

“अतुलला सांगणार मी,” ती म्हणाली. “आजच. उद्या तुम्ही आत जायचं नाही.”

मग त्यांनी विचारलं, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“गेल्या वर्षीच्या पाडव्यापासून.”

हिशेब काही अवघड नव्हता. पाडवा गेल्या वर्षीचा, मे महिना यंदाचा. तिने तो रोज केला होता. त्यांनी तो तिच्यादेखत पहिल्यांदा केला, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“म्हणजे मिसेस हॅलमला आपण दोघांनी मारलं,” श्रीनिवासराव म्हणाले. आवाज चढवला नव्हता. घरात दोघं मिळून काही ठरवावं, तसं म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी ओल्या गवतावर टेकली.

भाड्याच्या सायकली परत करून ती दोघं गाडीपाशी आली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. कोपऱ्यात टेलिफोनचा लाल खोका होता. आत दोघं मावेनात, म्हणून श्रीनिवासराव बाहेर उभे राहिले, जड दार पाठीने उघडं धरून. तू बोल, ते म्हणाले, मला जमणार नाही. त्यांच्या कोटावर पाणी साचत होतं. तिने नाणं टाकलं, नंबर फिरवला. पलीकडे अतुलने उचलला, तिचा आवाज ओळखला आणि घाबरून विचारलं, वहिनी, सर बरे आहेत ना?

तिने एकदा बाहेर पाहिलं. श्रीनिवासराव तिच्याकडे पाठ करून उभे होते, पण ऐकत होते.

“अतुल,” ती म्हणाली, “गणपतीत तू मला ताटाचं विचारलं होतंस. मी खोटं सांगितलं रे तुला.”