पाच नंबरचा गुलाब मी कापला

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची तर नव्हेच. झाडं छाटायची. माळीकाम करणारे मला सिकेटर म्हणतात. माझं एक पातं धारदार आहे, दुसरं बोथट आणि वाकडं. बोथट पातं फांदी धरून ठेवतं, धारदार पातं ती तोडतं. मित्रांनो, जिचा जन्म काटेरी झाडांत तोंड घालण्यात गेला, तिच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. पण खोटं मी बोलणार नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी भट्टी सोसली, घणाचे घाव सोसले, तेलात बुडवून घेतलं, दगडावर घासून घेतलं. देवपण काही आलं नाही. धार मात्र आली. मग खोक्यात भरून मला एका हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं, आणि तिथे माझा मालक मला भेटला.

मालक त्याच आठवड्यात कारखान्यातून निवृत्त झाला होता. तिथे तो तपासनीस होता. यंत्रातून निघालेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, केसाएवढा फरक असला तरी बाजूला काढायचा, हे त्याचं चौतीस वर्षांचं काम. दुकानात त्याने माझ्यासारख्या बारा कात्र्या काढायला लावल्या. प्रत्येक कात्रीने त्याने वर्तमानपत्राची कड कापून पाहिली. पाती उन्हात धरून मधली फट पाहिली. शेवटी दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, कात्री घेताय की सून बघताय?"

"सून एकवेळ चालवून घेईन," मालक म्हणाला, "कात्री नाही."

बारांतून मला निवडलं. मला त्याचा किती गर्व झाला म्हणून सांगू! आज त्या गर्वाची लाज वाटते.

घरामागे जमिनीची चार हात पट्टी होती. तिथे मालकाने गुलाबाच्या पाच जाती लावल्या होत्या, प्रत्येक झाडाला पत्र्याची चकती आणि तिच्यावर ठोकलेला आकडा. कुठला गुलाब घराच्या बागेत खरा टिकतो, हे त्याला ठरवायचं होतं. त्यासाठी एक वही होती. फुलं किती आली, एक फूल किती दिवस टिकलं, पानांवर काळे ठिपके किती, भुरी किती, नवी फांदी किती बोटं वाढली, सगळ्याचे रकाने. वर्षाच्या शेवटी बेरीज आणि क्रमांक.

मालकीणबाई त्या वहीला हसायच्या. त्या शिवणकाम करायच्या. पुढे साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली आणि मशीन बंद झालं, पण जीभ चालूच राहिली. मालक झाडांना आकड्यांनी ओळखायचा, बाईंनी त्यांना नावं ठेवली होती. एक नंबर म्हणजे पैलवान: लाल, वाटीएवढं फूल, पण पावसाळी हवा लागली की काळे ठिपके पडून पानं गळायची आणि पैलवान उघडाबंब उभा. दोन नंबर म्हणजे मावशी: लहान गुलाबी फुलांचे घोस, बारा महिने, कुरकुर नाही, औषध नाही. तीन नंबर पिवळी रुसूबाई, ऊन वाढलं की टोकाकडून वाळत जायची. चार नंबर नवरदेव, पाकळी बाहेरून पांढरी आणि आतून लाल, पण भुरीने चेहरा कायम पीठ फासल्यासारखा. दरवर्षी मावशी पहिली यायची.

आणि दरवर्षी पाच नंबर शेवटचा. फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांचं, मान खाली घातलेलं फूल. वर्षाला पंधरा-सोळा फुलं, तीही दोन दिवसांत गळणारी. त्याला बाईंनी नाव ठेवलं नव्हतं. त्या नुसतं 'माझा' म्हणायच्या. ज्या शिवणवर्गात त्या काम शिकल्या, त्याच्या अंगणात याचं मूळ झाड होतं. आमच्याकडे रोपं आणि खत आणून देणाऱ्या रोपवाल्याच्या वडिलांनी त्याच्यावरून त्यांना हे एक रोप कलम बांधून दिलं होतं. तो वर्ग पाडला, अंगण गेलं, मूळ झाडही गेलं.

पण वास! मी लोखंडाची, मला वासाचं काय कळणार? पण खिडकीतून बाईंचा चेहरा मला दिसायचा. मालक सकाळी माझ्याकडून एक फूल कापून घ्यायचा आणि बशीत पाणी घालून त्यांच्या उशाशी ठेवायचा. बाई एकदा म्हणाल्या, "डोळे गेल्यापासून मला सगळे दिवस एकसारखे वाटतात हो. हा फुलला की तेवढा दिवस वेगळा असतो."

"पण गुणांत बसत नाही ना तो," मालक म्हणाला.

"वासाला किती गुण देता?"

"वास मोजायचा कशाने?"

"नाकाने मोजा! एवढं मोठं दिलंय देवाने." आणि दोघेही हसले.

मित्रांनो, आता नीट ऐका. रोपवाले गुलाब कसा करतात ठाऊक आहे? एका रानटी गुलाबाच्या खोडात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा इवलासा अंकुर, चीर देऊन बसवतात. मुळं रानट्याची, फुलं चांगल्याची. जोडाच्या खालून कधी रानटी फुटवा आला तर तो लगेच उपटायचा असतो. नाहीतर तो सगळं अन्न ओढतो आणि वरचा गुलाब उपाशी मरतो. कुंपणानेच शेत खावं तसं. ही गोष्ट माळ्याच्या पोरालाही माहीत असते. माझ्या मालकाला नव्हती. त्याने कारखाना शिकला होता, आणि बाग त्याने वहीतून शिकली.

एका उन्हाळ्यात पाच नंबरच्या बुंध्याशी मातीतून एक फांदी निघाली. सरळ, हिरवीगार, काटे जवळजवळ नाहीत. महिन्यात ती मालकाच्या कमरेला लागली. मालक वेडा झाला आनंदाने. रोज बोटांनी मोजायचा. घरात जाऊन सांगायचा, "अगं, तुझा ढ विद्यार्थी सुधारला! पन्नास बोटं वाढलाय!"

"खरंच?" बाई उठून बसायच्या. "मग यंदा फुलं जास्त येतील?"

"जास्त? मोजून दमशील."

आधीच्या पानांना पाच-पाच दलं, म्हणजे एका देठावरची छोटी पानं होती, या नव्या फांदीच्या पानांना सात-सात. तेही मालकाने टिपलं. केसाएवढा फरक ओळखणारा माणूस! फरक त्याने बरोबर पकडला. वहीत लिहिलं: पाचाऐवजी सात. सुधारणा.

वरच्या गुलाबाची उरलेली एकुलती जुनी फांदी मात्र खंगत चालली. थंडी सरताना मालक छाटणीला बसला. पाच नंबरपुढे गुडघे टेकले. "हिच्यामुळे नव्या फांदीची वाढ अडतेय," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्या बारक्या, सुरकुतलेल्या फांदीला बुंध्याशी माझ्या तोंडात धरलं.

माझ्या तोंडाला मिटता येतं आणि उघडता येतं. ओरडता येत नाही. मी मिटले. आत अजून हिरवं होतं, मला लागलं ते ओलं. मी साफ कापलं, एक धागासुद्धा शिल्लक ठेवला नाही. आयुष्यात इतकं चांगलं काम मी क्वचितच केलं असेल.

तीन आठवड्यांनी रोपवाला खताचं पोतं घेऊन आला. आता धंदा हाच बघतो, वडील राहिले नाहीत. पोतं टेकवून त्याने पट्टीवरून नजर फिरवली आणि पाच नंबरजवळ खाली वाकला. बोटाने माती उकरली.

"काका, हा रानटी आहे."

"काय बोलतोस! नंबर पाच आहे तो. चकती बघ."

"चकती बरोबर आहे हो. झाड बदललंय. ही खालची मुळं फुटलीत. वरचा गुलाब कुठंय?"

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मग तो बागेच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या ढिगाकडे गेला आणि हातांनी उपसायला लागला. काटे लागत होते, रक्त आलं, तरी थांबला नाही. रोपवालाही मदतीला बसला. शेवटी ती फांदी सापडली. रोपवाल्याने मला घेतलं, एकेका डोळ्याजवळ तिरका काप घेतला. तपकिरी. दुसरा, तपकिरी. तिसरा घेताना लाकूड कटकन मोडलं.

"त्याच दिवशी मला हाक मारली असती ना, तर एखादा डोळा जगवला असता," रोपवाला हळूच म्हणाला.

"तुझ्याकडे असेल की एखादं रोप. तुझ्या वडिलांनीच बांधलेलं."

"बाबा होते तेव्हा होता. मागायला कोणी येईना म्हणून मीच काढून टाकला. सगळ्यांना मोठं फूल लागतं, काका. चार ठिकाणी विचारून बघतो. पण त्याला नावच नव्हतं, विचारू काय?"

खिडकीतून बाईंचा आवाज आला, "कोण आलंय हो?"

"खतवाला!"

"मग एवढे गप्प का झालात?"

मालकाने रोपवाल्याचा हात घट्ट धरला. "तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाला.

रोपवाल्याने खरोखर चार ठिकाणी विचारलं. मालक स्वतः बसने दोन गावं फिरून आला. फिकट गुलाबी पुष्कळ निघाले. प्रत्येकाला नाक लावून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मान हलवून परतला. त्या दिवसांत त्याने वही उघडली नाही.

पुढे रानट्याला कळ्या आल्या. घोसच्या घोस, पांढुरकी, बोटाच्या पेराएवढी फुलं. बहराचे दिवस आल्याचं बाईंना कळलंच. त्या विचारत होत्या, "अजून नाही फुलला माझा?" किती दिवस नाही म्हणणार? एका सकाळी मालकाने माझ्याकडून त्यातलं एक फूल कापून घेतलं, मला खिशात टाकलं आणि बशी घेऊन आत गेला. म्हणून पुढचं मी पाहिलं.

बाईंनी फूल हातात घेतलं. जी बाई अंधारात कापडाचा पोत सांगायची, तिची ती बोटं. ती एका पाकळीवरून दुसरीवर गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी नव्हतीच. बोटं तिथे थांबली.

"आपलाच ना?" त्यांनी विचारलं.

"आपलाच," मालक म्हणाला.

बाईंनी फूल नाकाशी नेलं. खूप वेळ धरलं. मला वाटलं आता रडतील, आता ओरडतील. ओरडाव्यात असं मला फार वाटत होतं. तेवढी शिक्षा तरी मिळाली असती आम्हा दोघांना.

"येतोय वास," त्या म्हणाल्या. "यंदा जरा कमी आहे. झाड म्हातारं झालं हो."

मालक तसाच बाहेर आला आणि पायरीवर बसला. बाईंना कळलं नाही, असं त्याला वाटलं? की त्यांना कळलंय हे त्याला कळलं? मी सांगू शकत नाही. त्या दिवसापासून त्या दोघांत गुलाबाबद्दल एक शब्द झालेला नाही. इतकी बडबडी बाई, पण आता फूल मागत नाही. मालक सकाळी रिकामी बशी विसळून ठेवतो आणि दारात उभा राहतो, बाई हाक मारतील म्हणून. मग चहा टाकायला जातो.

मला त्याने पुन्हा हातात घेतलं नाही. मी न्हाणीघराच्या खिळ्याला टांगलेली असते, वाफेने गंजते आहे, स्प्रिंग आखडली आहे. पैलवानाची छाटणी झाली नाही, रुसूबाई वाळून गेली, मावशीसुद्धा यंदा दमली. रानटा तेवढा माजला आहे. त्याने कुंपण गाठलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणतात की आमची निगा राखा, आम्हाला तेल द्या. मला तेल नको. माझ्यासारखी कात्री तुमच्या घरात असेल, तर फांदी तोंडात देण्याआधी एकदा गुडघ्यावर वाका, माती बाजूला करा आणि ती कुठून निघाली आहे ते बघा. समजत नसेल तर समजणाऱ्याला हाक मारा, आणि तो येईपर्यंत थांबा. एकदा मिटल्यावर कापलेलं जोडणं मला येत नाही. तेवढं कोणत्याच कात्रीला येत नाही.