दारावरचं रडणं

बायका येत होत्या, तोंडाला पदर लावून आत जात होत्या, कलाबाईच्या पायांशी डोकं टेकून भिंतीला पाठ लावून बसत होत्या. आणि गप्प राहत होत्या. उंबऱ्याशी उभ्या हेमराजच्या हे लक्षात आलं तेव्हा खोली निम्मी भरली होती. सुरतेतल्या बमरोलीच्या त्या चाळीतली एकूण एक खानदेशी बाई आत बसलेली, मधोमध त्याची आई आडवी, आणि रडण्याचा आवाज म्हणून नाही.

आई पहाटे गेली होती. धाकटी मावशी नंदुरबारकडून सकाळच्या गाडीने निघाली होती, ती उधन्याला उतरून आली की उचलायचं ठरलं होतं. तोवर बायकांनी रडायचं, पुरुषांनी बाहेर बांबू बांधायचे, ही रीत. बांबू बांधून होत आले होते.

त्यांच्याकडे मयताच्या घरी जायला दारावर जाणं म्हणतात, आणि दारावर गेलेली बाई मुकाट बसत नाही. ती गल्लीच्या तोंडाशीच पदर ओढते आणि हेल काढून रडत येते. घरातल्या बायका उठून तिच्या गळ्यात पडतात. रडता रडता ती गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य सांगून टाकते, त्याने काय सोसलं, कोणाला काय दिलं, कोणी त्याला काय बोललं. ज्याच्या दारावर कोणी असं रडलं नाही, त्याचं जगात कोणी नव्हतं असं समजतात. भिकाऱ्यालासुद्धा कोणीतरी रडतं.

जयश्री, हेमराजची बायको, आतून उठून आली.

"आहो, कोनीच रडी नही राहिनं," ती खाली बघत म्हणाली. "आत्याबाईले अश्याच लई जाशात का?"

"तू रड ना मग."

"मी सुरू करं व्हतं. त्या पोरे हासनात."

बाहेर पोरं उभी होती. चाळीतली, शेजारच्या गल्लीतली, आणि काही तर कोणाच्याच ओळखीची नव्हती. बातमी गेली होती, की सिनेमावाल्या हेमराजभाऊची आई वारली. एकाने मोबाइल पोटाशी धरला होता, जशी काही त्याला तो असाच धरायची सवय आहे.

हेमराज सिनेमावाला होता हे खरंच. पंधराव्या वर्षी आईसोबत शहाद्याकडून वडिलांच्या मागे सुरतेत आला, लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, कापड काढलं, मग लग्नांचं शूटिंग करायला लागला आणि एक दिवस डोक्यात शिरलं की आपल्या अहिराणीत आपण पिक्चर काढायचा. गोष्ट त्याची, कॅमेरा त्याचा, कापाकापी त्याची आणि नटही तोच. मदतीला एक वाल्मिक, तोही दिवसपाळी करून येणारा. बाईच्या कामाला मात्र कोणी बाई मिळेना. पडद्यावर दिसली तर पोरीचं लग्न कसं जमायचं, असं लोक तोंडावर म्हणायचे. शेवटी हेमराजने जयश्रीची साडी नेसली. नाक सरळ, अंगाने बारीक, साडीत तो बरा दिसायचा. पण कोणी बघत नव्हतं. मोबाइलवर टाकलेली त्याची ती पहिली नाटकं त्याचे त्यानेच पुन्हा पुन्हा बघितली असतील.

मग त्याचे वडील, लोटूआप्पा, वारले. पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये ते आयुष्यभर होते. कलाबाई रोज पहाटे मिलच्या गाडीपर्यंत जाऊन त्यांच्या हातात डबा द्यायची. दारावर रडणारी म्हणून तिचं अख्ख्या बमरोलीत नाव होतं, कुठेही मयत झालं की कलाबाईला आधी निरोप जायचा. नवऱ्याच्या मढ्याशी ती जशी रडली, तसं तर तीही आधी कधी रडली नव्हती. "मना राजा, तुना डबा मी आते कोनले देऊ रे," एवढी एक ओळ तिने इतक्या तऱ्हांनी म्हटली की बांबू बांधणारे पुरुष हातातली दोरी सोडून बसले. हेमराजही रडला. पण रडताना त्याचा एक कान जागा होता, हे त्याचं त्याला पुढे कळलं.

वर्ष सरायच्या आत त्याने स्वतः साडी नेसून डबावाली मावशी नावाचं नवं नाटक काढलं. दारावर रडायला आलेली एक बाई, रडता रडता मयताच्या घरातल्या भांड्यांवर नजर ठेवणारी, आणि तोंडी तीच ओळ, त्याच हेलात, मधे श्वास अडकतो तोसुद्धा तिथेच अडकलेला. लोक हसून लोटपोट झाले. सुरतेत, नंदुरबारात, धुळ्यात, जिथे म्हणून अहिराणी बोलणारं माणूस होतं तिथे ती मावशी पोचली. मिलच्या जेवणाच्या सुट्टीत पोरं डबे वाजवून ती ओळ म्हणायची. पुढे पुढे तर मावशी रडायला लागण्याआधी साडीच्या दुकानाची जाहिरात यायची.

त्याने हौसेने मोबाइल आईच्या हातात दिला होता. तिने पूर्ण बघितलं, एकदाही नजर न हलवता.

"हाई तर मी शे," ती म्हणाली.

"नही व माय. हाई डबावाली मावशी शे."

तिने मोबाइल परत दिला आणि भाकरी टाकायला उठली. त्यानंतर एकदा भाजीबाजारात कोणा पोराने मागून ती ओळ ओरडली. तिने निवडलेली वांगी गाडीवर परत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आली. त्या दिवसापासून कलाबाई कोणाच्या दारावर रडली नाही. जायची, बसायची, उठून यायची. म्हातारी झाली, आता तिला होत नाही, असं हेमराज लोकांना सांगायचा, आणि त्याला ते पटायचंही.

हसण्यावर माणूस किती दिवस जगेल. त्याला बापावर खरा पिक्चर काढायचा होता. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून, तीन पावसाळे घालवून त्याने तो काढला. लोटूआप्पाचं काम स्वतः केलं. हॉल भाड्याने घेतला आणि आईला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि हॉल हसला. बाप रंगाच्या हौदाशी खोकत होता, हॉल हसत होता. बाप मेला तेव्हा मागून कोणीतरी डब्याची ओळ ओरडलं, आणि मग तर टाळ्या. घरी येताना रिक्षात आई एवढंच बोलली, "तुना बाप मरना तवय इतला लोके नव्हतात." हेमराजने पुन्हा साडी नेसली. दुसरं त्याच्याकडून कोणाला नकोच होतं. या गोष्टीचा कडवटपणा त्याच्या जिभेवरून कधी गेला नाही, पण दोष तो लोकांना द्यायचा, जनतेला अक्कल नाही म्हणायचा.

आता ती जनता दारात उभी होती.

तो पोरांकडे गेला. "मोबाइल खिशात टाका," म्हणाला. पोरांनी टाकले, ओठ दाबून. मग तो आत वाकून बायकांना म्हणाला, "चला, रडा ना व माय. सुरू करा. तू सुरू कर आधी, मग बाकीन्या." मागे वाल्मिक उभा होता. हा सूर त्याने शूटिंगच्या दर रविवारी ऐकला होता. त्याने मान फिरवली.

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने खरंच सुरुवात केली. "मनी मोठी माय व..." बाहेरून लगेच दबलेला आवाज आला, "जो जो, डबावाली मासी आवी." बघा बघा, मावशी आली, असं. पोरगं इथलंच, आईबाप धुळ्याकडचे, पण बोलणं सगळं गुजरातीत. म्हातारीचा हेल घशातच राहिला. तिने पदर तोंडात कोंबला. रडू आवरायला नव्हे, लाजेने.

"भाऊ," वाल्मिक हळूच म्हणाला, "तूच रड. तुना मांगे सम्द्या रडतीन."

हेमराज आईजवळ बसला. तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हनुवटीवरचं गोंदण तेवढं हिरवं दिसत होतं. थंड पडलेल्या पायाला त्याने हात लावला आणि पोटातून उमाळा आला. तो काही खोटा नव्हता. पण तोंडातून निघालेला आवाज डबावाली मावशीचा होता. तोच हेल, तोच मधे अडकलेला श्वास, वर्षानुवर्षं घोटून गुळगुळीत झालेला. शेजारणीच्या मांडीवरचं लहान पोर खुदकन हसलं. ते काही वाईट नव्हतं, ते ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तसं हसलं. त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. हेमराज थांबला. दुसरं रडणं कसं असतं हे त्याने आठवून पाहिलं. आठवेना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. मालतीबाई उतरली, आईची सख्खी धाकटी बहीण, हातात एक पिशवी. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पोरांचे हात खिशाकडे गेले. सख्खी बहीण म्हणजे तिने रिक्षातून पाय खाली ठेवताच हंबरडा फोडायला हवा. मालतीबाईने रिक्षावाल्याला पैसे दिले, पदर नीट केला आणि चालत आली. पोरांच्या मधून, बांबूंच्या बाजूने, तोंड मिटून. आत येऊन ती बहिणीच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"मावशी," हेमराज म्हणाला, "रड ना व. कोनी नही रडनं तिले."

"तुनासमोर?"

त्याने आईच्या पायावरचा हात काढून घेतला.

"तू आमनं रडनं ली जास, आनि लोके हासतस," मालतीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मनी बहीनवर कोनी हासाले नको."

"आज कोनी हासनार नही, मावशी. मी त्या पोरेसले हाकली देस."

"पोरेसनं काय. तू रडताना भी देखस, रडनं कसं दिसस ते." तिने हात पुढे केला. "मोबाइल दे तुना."

त्याने दिला. तिने तो जयश्रीकडे सरकवला आणि जयश्रीने, नवऱ्याकडे न बघता, पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

"आते जाय. गल्लीना टोकले जाय. तुले ऐकू येवाले नको."

"मनी माय शे ती."

"म्हनीसन तं सांगस."

खोलीतल्या सगळ्या बायका जमिनीकडे बघत होत्या. एक तरी म्हणेल, जाऊ दे, राहू दे त्याला, असं हेमराजला वाटलं. त्यातल्या कितीजणींनी त्याच्या डबावाली मावशीला पोट धरून हसून दाद दिली होती. तो उठला. दारात पोरांना त्याने अशा आवाजात हाकललं की ती खरोखर पळाली. मग तो चालत गल्लीच्या टोकाला गेला आणि लूमच्या खात्याच्या पायरीवर बसला. वाल्मिक मागोमाग आला. आत माग धडाधड चालू होते. गल्लीत मयत झालं म्हणून सुरतेत कोणी माग बंद करत नाही.

मग त्या धडधडीच्या वर एक आवाज चढला. मालतीबाईचा. त्यात दुसरा मिसळला, मग आणखी, आणि मग मोजता येणार नाहीत इतके. चाळीच्या दारात उभे पुरुष माना खाली घालून राहिले. हेमराज कान देऊन ऐकू लागला. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. आईच्या लहानपणीचं, लग्नाचं, सुरतेत आल्याचं, लेकाचं, ती काय काय सांगत असेल. हे त्याने आधी कधीच ऐकलेलं नव्हतं, आणि पुन्हा कोणी म्हणणार नव्हतं.

"भाऊ," वाल्मिक त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "शेठ ओळखीना शे. थोडा वेळ माग बंद कराले सांगू का?"

हेमराजचा श्वास वर आला तसा अडकला. गल्लीतल्या त्या दाराकडे त्याने एकदा पाहिलं.

"नको," तो म्हणाला. "चालू राहू दे."

मडकं धरायला चला, असं सांगायला कोणीतरी आलं, तोवर रडणं संपलं होतं.