सात नंबरचं अंडं

माझ्या पोटावर 'सात' हा आकडा लिहिताना पेन्सिल घसरली, तेव्हाच मला वाटलं, काहीतरी चुकतंय. अंड्याच्या कवचावर पेन्सिल खरखरत चालते. माझ्यावरून ती सर्रकन सटकली. मिस वोल्डेननी पेन्सिलीला नावं ठेवली, दुसरी घेतली आणि सात पुन्हा गिरवला.

मी एक लाकडी अंडं बोलतेय. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे धक्का बसायला नको. मला स्वतःला धक्के सोसत नाहीत.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका शेतावर, वर्ना हाउगेनबाईंच्या नवऱ्याच्या हातून झाला. खुर्चीच्या पायासाठी घेतलेलं मेपलचं लाकूड आखूड कापलं गेलं, त्यातून मी निघाले. पांढरा रंग फासून मला खुराड्यात ठेवलं. पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या कोंबड्या बावचळतात, कुठेही अंडी टाकत हिंडतात. मला बघून त्यांना कळतं, घालायचं ते इथे. म्हणजे मीही शिकवण्याचंच साधन म्हणा ना! कितीजणींना शिकवलं, एकीनेही कधी नाव काढलं नाही.

इकडे गावातल्या शाळेत मिस वोल्डेन तिसरीच्या वर्गाला शिकवायला नव्याने लागल्या होत्या. वर्गात मुलं बारा आणि कपाटात एक फाटका नकाशा. म्हणून त्या रोज इंटरनेटवर 'शिक्षकांसाठी मोफत' असं शोधत बसायच्या. रंगाच्या दुकानातल्या फुकट नमुन्याच्या पट्ट्या कापून त्यांनी अपूर्णांक शिकवले. बँकेची शिळी कॅलेंडरं आणून पाढे शिकवले. शेजारच्या वर्गाच्या प्रुइटबाई हसायच्या.

"अगं पोरी, उद्या कुणी फुकट हत्ती देतो म्हणालं तर घेशील का?"

"वजन-मापाच्या धड्याला चालेल की," मिस वोल्डेन म्हणायच्या. त्या थट्टा करत नव्हत्या, हीच तर भीती होती.

आणि एक दिवस शेतकी कार्यालयाच्या पानावर त्यांना सापडलं : शाळांसाठी उबवणी यंत्र, फुकट. अंडी जवळच्या शेतावरून, तीही फुकट. पिल्लं निघाली की शेतावर परत द्यायची आणि यंत्र पुढच्या शाळेला.

वर्नाबाईंनी पहाटे अंडी गोळा केली. त्यांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि दुसरा डोळा नंबर लागायची वाट बघत होता. मी हाताला लागले, गेले टोपलीत. ओरडावं तर तोंड नाही.

वर्गात प्रत्येक मुलाला एकेक अंडं दत्तक दिलं. मी गेले इत्सेलच्या वाट्याला. ही पोर म्हणजे वर्गातला भोंगा. बाप टर्कीच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे पक्ष्यांतलं आपल्यालाच सगळं कळतं असा तिचा थाट. रोज सकाळी दप्तर टाकलं की ती यंत्राच्या काचेला नाक लावायची आणि हाक मारायची, "सातोबा, बाहेर या!"

त्या हाकेने मी दचकायचे. माझ्या शेजारची खरी अंडी मात्र आतल्या आत कूस बदलायची. आठ नंबरचं तर तिचा आवाज आला की चक्क डुलायचं.

मी काय करणार? मनापासून उबले. मेपलच्या लाकडाला जेवढं उबता येतं, त्याहून जास्तच उबले.

मग शेतकी कार्यालयाचे ड्वेनसाहेब तपासणीला आले. अंधार करून त्यांनी एकेक अंडं दिव्यावर धरलं. कुठे शिरा दिसल्या, कुठे हलणारा ठिपका. माझ्यातून उजेडाची तिरीपही येईना. आता मेले, मी म्हटलं.

"अरे वा!" साहेब म्हणाले. "हे तर काठोकाठ भरलंय. आत बोटभर जागा उरली नाही. लिहून घ्या, हेच सगळ्यात आधी फुटणार."

इत्सेल वर्गभर नाचली. गन्नार नावाच्या मुलाला, म्हणजे आठ नंबरच्या बापाला, तिने सांगून टाकलं, "तुझ्या पिल्लाला माझं पिल्लू चालायला शिकवेल, काळजी करू नको."

त्या रात्री मी खरंच फुटायचा प्रयत्न केला. हसू नका. तुम्हाला कुणी इतका जीव लावला असता, तर तुम्हीही केला असता.

पिल्लं निघाली. आधी एक नंबरचं, मग चार नंबरचं, मग आठ नंबरचं, मग उरलेली सगळी. केळ्यांच्या खोक्यात दिव्याखाली पिवळा गोंधळ. यंत्रात मी एकटी.

"तुझं अंडं मेलंय," गन्नार म्हणाला.

"मेलं नाही. विचार करतंय."

"इतका विचार?"

"तू कधी केला नाहीस, तुला काय कळणार?"

दिवसभर ती यंत्राजवळून हलली नाही. पिल्लांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र न्यायला गाडी येणार होती. मिस वोल्डेननी शेतकी कार्यालयाला विचारलं, तर उत्तर आलं, "काठोकाठ भरलेलं आहे, धीर धरा." शेवटी त्यांनी मला हलकेच उचललं, इत्सेलपुढे गुडघे टेकले आणि म्हणाल्या, "बाळा, कधीकधी काही अंडी..."

तेवढ्यात शाळेची घंटा वाजली. बाई माझ्यासारख्याच, दचकणाऱ्या. मी हातातून सुटले.

वर्ग किंचाळला. मी फरशीवर आपटले, टुणकन उडाले, टकटक करत फळ्याच्या भिंतीला जाऊन धडकले. रंगाचा टवका निघाला.

गन्नारने वाकून पाहिलं. "मिस, हे लाकूड आहे."

कुणी हसलं नाही. मिस वोल्डेनचा चेहरा माझ्याहून पांढरा पडला. "इत्सेल, मला माहीत नव्हतं गं. मी तुला असं... मला खरंच माहीत नव्हतं."

इत्सेल चालत आली आणि तिने मला उचललं. आत्ता मी तिच्या मुठीत आहे. मूठ घामेजली आहे. मला तिच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते; कधी भेटलीच तर तिला सांगा, मी फसवलं नाही. मी कोंबड्यांना जागा दाखवणारी साधी मास्तरीण. पिल्लू माझ्याकडे नव्हतंच. असतं तर पहिलं तिलाच दिलं असतं.

ती रडत नाहीये. चिडली आहे. नाक ओढते, मला डोळ्यांसमोर धरते आणि वर्गाच्या खिडक्या हादरतील अशा आवाजात शेवटचं ओरडते,

"सातोबा, बाहेर या!"

केळ्यांच्या खोक्यातला गोंधळ एकदम थांबतो. अकरा माना तिच्याकडे वळतात. आठ नंबरचं पिल्लू धडपडत खोक्याच्या काठाशी येतं, चोच वर करतं आणि म्हणतं,

"चिव."