लाज नसलेल्या काडेपेट्या

साक्षरता वर्गातून नाव काढून घ्यायचे, असे रुखमाबाईंनी ठरवले होते. मोताळ्याजवळच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत त्या सदस्य. पण तीन महिने गिरवूनही सही साधेना, आणि शुक्रवारच्या सभेत पुन्हा अंगठाच उठणार होता. पाटी त्या पदराआड धरीत, कुणाच्या दृष्टीस पडू देत नसत.

"गुरुजी, माह्या डोक्यात हे शिरत नाही. उद्यापासून येत नाही मी."

शेषराव गुरुजींनी वाद घातला नाही. दोनपासून दहापर्यंत आकडे घातलेल्या नऊ काडेपेट्या त्यांनी मेजावर मांडल्या. प्रत्येकीत एक तुरीचा दाणा, एक हरभऱ्याचा. शेजारी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या दहा काड्या. आळीपाळीने एक किंवा दोन काड्या उचलायच्या, सुरुवात पेट्यांची. शेवटची ज्याच्या हाती, तो जिंकला. पेट्यांची पाळी आली की उरलेल्या काड्यांच्या आकड्याची पेटी उघडून गुरुजी डोळे मिटून दाणा काढीत. तूर आली तर एक काडी, हरभरा आला तर दोन. पेट्या हरल्या की घात करणारा दाणा बाहेर.

समोर वर्गातलीच कोकिळा खेळायला बसली. आधी तीच जिंकत राहिली आणि बाहेर पडलेले दाणे सहज तोंडात टाकत राहिली. मग हरू लागली, ती हरतच गेली.

"अवं कोकिळे, पेटीच्या साऱ्या चुका तुह्या पोटात गेल्या, म्हनून हारून राह्यली तू!" मागून आशाबाई ओरडल्या.

वर्ग हसला. रुखमाबाई मात्र पेट्यांकडेच पाहत होत्या.

"पेटी शिकली म्हनता, गुरुजी? दाना तर तुमी फेकता. तिले का मालूम, हारली का जिंकली ते?"

गुरुजी म्हणाले, "ते मलाही नेमके सांगता येत नाही, बाई. मघाशी हरत होती, आता हरत नाही, एवढेच दिसते."

"हारल्यावर लाज वाटते तिले?"

"नाही. लाजायला आत कुणी नाही."

"मंग बराबर! म्हनून इतल्या लवकर शिकली. माहा तर अर्धा जीव पाटी झाकन्यातच जाते."

त्यांनी पाटी सर्वांसमोर मेजावर ठेवली आणि नाव लिहिले. अक्षरे एकमेकांवर चढली. कोकिळा फिसकन हसली.

"हा हरभरा गेला," पाटी पुसत रुखमाबाई म्हणाल्या, "अन् हा तू खाऊ नको वं."

शुक्रवारपर्यंत असे पुष्कळ हरभरे गेले. सभेत ग्रामसेवकाने सवयीने शाईची डबी पुढे केली. रुखमाबाईंनी ती बाजूला सारली, लेखणी मागितली, सावकाश सही केली आणि नोंदवही साऱ्या पंचांपुढे फिरवली.

"पाहून घ्या सारे. चुकली असन तर सांगा, आनखी एकदा करतो."